व्हायरसटोटल: आकडा बघून थांबू नका, नावं वाचा

सांगोल्यात एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, लाडकी बहीणची केवायसी, परीक्षांचे फॉर्म, झेरॉक्स. दोन कॉम्प्युटर, एक जुना स्कॅनर, दोन प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन. या सगळ्याला चालू ठेवायला सतत काही ना काही डाउनलोड करावं लागतं. कधी ड्रायव्हर, कधी फॉन्ट बदलायचं सॉफ्टवेअर, कधी पीडीएफ लहान करायचं. गेल्या दीड वर्षात डाउनलोड केलेली एकही फाइल मी व्हायरसटोटल या साइटवर व्हायरससाठी तपासल्याशिवाय उघडलेली नाही. त्या साइटबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, कारण आमच्यासारखे दुकानदार एक तर ती वापरतच नाहीत, नाही तर वापरतात आणि चुकीचं वाचतात.

आधी मी का वळले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या एका मुलाने पासपोर्ट फोटो कापायला म्हणून एका महागड्या फोटो सॉफ्टवेअरची फुकटातली प्रत उतरवली. झिप फाइल होती, तिला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड त्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता. सोबत सूचना होती की आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. सॉफ्टवेअर उघडलंच नाही, त्याने फाइल डिलीट केली आणि विषय संपला असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा ईमेल दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होता आणि वॉलेटमधले ११,४०० रुपये गेले होते. ईमेलला मी ओटीपी लावलेला होता, तरी गेला. हे कसं झालं ते मला तेव्हा कळलंच नाही. नंतर समजलं की या जातीच्या प्रोग्रामला स्टीलर म्हणतात. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड तर तो उचलतोच, पण आपण लॉगिन करून ठेवलेलं असतं त्याची जी खूण ब्राउझर जपून ठेवतो, ज्याला कुकी म्हणतात, तीही उचलतो. ती खूण हातात आली की समोरच्या साइटला वाटतं हा आधीच आत आलेला माणूस आहे, मग ओटीपी कशाला मागायचा. काम एकदाच, अर्ध्या मिनिटात. फाइल नंतर डिलीट केली काय आणि ठेवली काय.

रेडलाइन हे त्यातलं एक गाजलेलं नाव. २०२० पासून ते फिरत होतं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांबरोबर मिळून त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले. मे २०२५ मध्ये लुमा नावाच्या दुसऱ्या स्टीलरवर तशीच कारवाई झाली. माझ्या दुकानात यातलं कोणतं आलं होतं ते मी सांगू शकत नाही, फाइल उरलीच नव्हती. पण तेव्हापासून फाइल उघडण्याआधी तिची जात कळली पाहिजे, हे डोक्यात पक्कं बसलं.

आता साइटबद्दल. व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झालं आणि २०१२ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. वापरायला पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. पान उघडायचं, फाइल टाकायची. ६५० एमबीपर्यंतची फाइल चालते. ती फाइल एकाच वेळी सत्तरच्या आसपास कंपन्यांच्या तपासणी इंजिनांपुढे ठेवली जाते आणि प्रत्येकाचं म्हणणं ओळीने समोर येतं. त्या यादीत खाली जाताना आपल्या पुण्याची क्विक हील दिसते, चेन्नईची के७ दिसते. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकरांच्या कंपनीचं नाव जगभरच्या कंपन्यांच्या रांगेत वाचताना मला दर वेळी बरं वाटतं.

वर एक गोल असतो. त्यात आकडा, किती इंजिनांना फाइल वाईट वाटली त्याचा. ७१ पैकी ३१, किंवा ७० पैकी ०. बहुतेक जण इथेच थांबतात. शून्य दिसलं की उघडली, पाच दिसले की घाबरून टाकून दिली. माझी तक्रार साइटबद्दल नाही, या वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. कारण कामाची माहिती गोलाच्या खाली असते.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझ्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर कंपनीने साइटवरून काढून टाकलेला. शोधताना एका भलत्याच ड्रायव्हर साइटवर मोठं हिरवं बटण दिसलं. फाइल उतरली जेमतेम दोन एमबीची. स्कॅनरचा ड्रायव्हर एवढासा कसा, हा पहिला प्रश्न तिथेच पडायला हवा. तपासली तर एकतीस इंजिनांनी लाल केलेली. पण लाल म्हणजे काय? नावं वाचली तर बहुतेकांनी ॲडवेअर, बंडलर आणि पीयूए असं लिहिलेलं. पीयूए म्हणजे नको असलेला प्रोग्राम. हा चोर नव्हे, फेरीवाला. आपल्याला ड्रायव्हरच्या नावाखाली ब्राउझरचं होमपेज बदलून देणार, दोन-तीन भंगार सॉफ्टवेअर बसवणार, जाहिराती दाखवणार. अशी फाइल कुणी चुकून उघडली तर मी त्याला काय काय अनइन्स्टॉल करायचं ते सांगते. त्याच जागी एकतीसच इंजिनांनी स्टीलर लिहिलं असतं तर मी त्याला त्या क्षणी दुसऱ्या स्वच्छ फोनवरून सगळे पासवर्ड बदलायला लावले असते आणि सगळीकडून लॉगआउट करायला लावलं असतं. आकडा तोच, करायचं काम अगदी वेगळं.

म्हणून मी काउंटरच्या मागे भिंतीवर एक कागद चिकटवलाय. त्यावर हाताने लिहिलेले सात शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे मराठीत एक ओळ. ट्रोजन: एक सांगून दुसरं करणारा, पण हा शब्द फार सैल वापरतात, पुढचा शब्द वाच. ड्रॉपर: स्वतः काही करत नाही, दुसऱ्याला आत आणून सोडतो. बँकर: बँकेच्या ॲपवर डोळा. स्टीलर: पासवर्ड आणि कुकी. रॅन्समवेअर: फायली कुलूपबंद करून पैसे मागतो. ॲडवेअर आणि पीयूए: उपद्रव. या सात ओळींनी माझ्याकडे कामाला असलेली बारावीची मुलगीसुद्धा आता निकाल वाचते.

नावं दिसायला भयंकर असतात, पण त्यांना रीत आहे. आधी प्रकार, मग कुठे चालतो ते, विंडोज की अँड्रॉइड, मग रेडलाइनसारखं घराण्याचं नाव आणि शेवटी वाणाची अक्षरं. ही रीत १९९१ मध्ये कारो नावाच्या अँटिव्हायरस संशोधकांच्या गटाने घालून दिली. सगळ्या कंपन्या ती तंतोतंत पाळत नाहीत, त्यामुळे एकाच फाइलला दहा जण दहा नावं देतात. व्हायरसटोटल या गोंधळातून सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव निवडून वर वेगळ्या ओळीत दाखवतं, प्रकार वेगळा आणि घराणं वेगळं. मी तिथूनच सुरुवात करते. दहापैकी आठ जण वेगवेगळ्या शब्दांत एकाच घराण्याकडे बोट दाखवत असतील तर मला आणखी पुरावा लागत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. आमच्याकडे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये करून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, ओळखीच्याच एका शिक्षकांनी बनवलेलं. ते मी टाकून बघितलं तर सहा जण लाल. हातपाय गार पडले. मग नावं वाचली. एकाने जेनेरिक लिहिलेलं, दुसऱ्याने सस्पिशस, तिसऱ्याच्या नावाच्या शेपटीला एमएल. एमएल म्हणजे ही ओळख यंत्राने अंदाजाने केलेली आहे. सहाच्या सहा जणांपैकी एकानेही घराण्याचं नाव घेतलेलं नव्हतं. सॉफ्टवेअरवर डिजिटल सही नाही, जगात ते वापरणारे मोजके लोक आणि बनवायला वापरलेलं साधन चोरही वापरतात, एवढ्या तीन गोष्टींवर यंत्राला संशय येतो. मी सरांना फोन केला, त्यांच्याकडच्या मूळ फाइलशी हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, जुळवून बघितला, अक्षर न अक्षर तोच निघाला. सॉफ्टवेअर आजही वापरते. आकडा बघून टाकलं असतं तर तालुक्यातल्या निम्म्या शाळांची जुनी पत्रकं टाइप करत बसावं लागलं असतं.

हॅशचं थोडं खोलात सांगते, कारण या साइटचा सगळ्यात चांगला उपयोग तोच आहे. प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो, ६४ अक्षरांचा. आपल्या अंगठ्याच्या मशीनसारखंच. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा साफ बदलतो. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्टयूटिल, हायफन हॅशफाइल, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ असं टाइप केलं की तो ठसा मिळतो. तो व्हायरसटोटलच्या शोधाच्या चौकोनात टाकायचा. आधी कुणीही जगात ती फाइल तपासली असेल तर निकाल लगेच समोर येतो, फाइल चढवावीच लागत नाही. आमच्याकडे संध्याकाळी नेट रडतं तेव्हा दोनशे एमबी चढवण्यापेक्षा ६४ अक्षरं पाठवणं केव्हाही परवडतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. इथे टाकलेली फाइल आपली राहत नाही. ती सुरक्षा कंपन्यांना दिली जाते, पैसे भरणारे ग्राहक ती उतरवूनही घेऊ शकतात, आणि हे साइटने पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे, खासगी माहिती टाकू नका असंही लिहिलेलं आहे. माझ्या दुकानात एकदा पेन ड्राइव्हमधल्या फायली तपासण्याच्या उत्साहात एका ग्राहकाच्या आधारकार्डाची पीडीएफ टाकली गेली. हेतू चांगला होता. मी काढून टाकण्याची विनंती पाठवली, पण मधल्या वेळात ती कुणी घेतली असेल का, हे मला कधीच कळणार नाही. त्या बाईंना मी बोलावून खरं काय ते सांगितलं आणि त्यांच्यासमोर आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं. लोक आमच्या हातात कागद देतात ते विश्वासाने. तेव्हापासून नियम आहे: प्रोग्राम टाकायचा, माणसाचा कागद कधीच टाकायचा नाही. आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला यांच्या बाबतीत फार तर ठसा शोधायचा.

आता फोनबद्दल, कारण हल्ली खरा धोका तिकडूनच येतो. मागच्या लग्नसराईत डाळिंबाची बाग असलेले आमचे एक आप्पा दुकानात आले. पाहुण्याच्या नंबरावरून व्हॉट्सॲपला लग्नपत्रिका आली होती. दाबली तर फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवायचं का. आप्पा तिथेच थांबले आणि सरळ एसटीत बसून माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, पत्रिका बसवायची काय असती? आजवर तर नुसती वाचायची असती."

इतकं शहाणपण मी शिकलेल्या माणसांतही कमी बघितलंय.

फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके होतं, म्हणजे ती अँड्रॉइड ॲपची फाइल. फोनच्या ब्राउझरमधूनच व्हायरसटोटलवर चढवली. साठ-पासष्ट इंजिनांपैकी चोवीस लाल. अँड्रॉइडच्या फायली सगळीच इंजिनं तपासत नाहीत म्हणून खालचा आकडा लहान असतो, त्याने गोंधळू नये. नावांत ड्रॉपर होतं, बँकर होतं, एसएमएसस्पाय होतं. मग मी आप्पांना डिटेल्सचा भाग उघडून दाखवला. तिथे ॲप कोणकोणत्या परवानग्या मागतं त्याची यादी असते. आलेला एसएमएस बघायचा, जुने एसएमएस वाचायचे आणि दुसरं ॲप बसवायचं. आप्पांना इंग्रजी येत नाही, पण मी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली तेव्हा त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. पत्रिकेला दुसरं ॲप कशाला बसवायचंय? तिथेच ड्रॉपरचा अर्थ आला. वरचं ॲप पत्रिकेचं सोंग घेऊन येतं, अपडेट करा म्हणतं आणि खरा चोर आत सोडतं. तो आतला बँकेचा ओटीपी वाचून परस्पर पुढे पाठवतो. आरटीओचं चलान, पीएम किसान, वीजबिल, सोंग रोज वेगळं, परवानग्या जवळपास त्याच. आप्पांनी पाहुण्याला फोन लावला तेव्हा कळलं, त्याचं व्हॉट्सॲपच गेलं होतं आणि त्याच्या फोनमधल्या प्रत्येक नंबरला पत्रिका गेली होती. त्याला आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावला.

फोनसाठी हा परवानग्यांचा भाग मला लाल आकड्यापेक्षाही कामाचा वाटतो. नव्या वाणाला पहिल्या दिवशी दोन-चारच इंजिनं ओळखतात. परवानग्या मात्र बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून समोर असतात.

विंडोजच्या फायलींसाठी तसाच भाग म्हणजे बिहेविअर. साइट ती फाइल एका वेगळ्या, बंदिस्त कॉम्प्युटरमध्ये चालवून बघते आणि तिने काय केलं ते लिहून ठेवते. कोणत्या फायली तयार केल्या, कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालू होण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, नोंद केली का, कोणत्या पत्त्यांशी बोलली. स्कॅनरच्या ड्रायव्हरने ब्राउझरच्या पासवर्डांच्या फोल्डरला हात लावायचं काही कारण नाही. हे पान लांबलचक असतं, सुरुवातीला डोळे फिरतात. मी फक्त तयार केलेल्या फायली आणि रजिस्ट्री एवढंच बघते. काही प्रोग्राम आपण बंदिस्त जागेत आहोत हे ओळखून गप्प बसतात, त्यामुळे इथे काही दिसलं नाही म्हणून हायसं वाटून घेऊ नये.

डिटेल्समध्येच एक तारीख असते, ही फाइल इथे पहिल्यांदा कधी आली. माझी ही आवडती ओळ. २०१४ च्या स्कॅनरचा ड्रायव्हर असेल तर तो जगात दहा वर्षं फिरत असणार. पहिली तारीख मागच्या आठवड्यातली निघाली तर ती फाइल ड्रायव्हर नाही, ड्रायव्हरचं नाव घेतलेली कुणीतरी आहे. सही आहे का तेही तिथेच कळतं. पण सहीवरही डोळे मिटून विश्वास नको. २०१७ मध्ये कॉम्प्युटर साफ करायच्या सीक्लीनर या सॉफ्टवेअरच्या ५.३३ या आवृत्तीत चोरांनी आपला कोड घुसवला होता. साइट खरी, सही खरी, आणि जवळजवळ महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. बावीस लाखांहून जास्त लोकांनी ती उतरवली होती.

म्हणूनच साइट ज्या ओळीपुढे हिरवी खूण करते तिथे सुरक्षित असं लिहीत नाही, अनडिटेक्टेड लिहिते. सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द त्यांनी जपून निवडलाय आणि आपण तो तसाच वाचायला हवा.

उणिवा आहेतच. पासवर्ड लावलेली झिप पासवर्ड दिल्याशिवाय साइटला उघडता येत नाही, आणि माझा घात करणारी फाइल नेमकी तशीच होती. काही जण फाइलमध्ये मुद्दाम रिकामा भरणा घालून ती सातशे-आठशे एमबीची करतात, म्हणजे ती चढवताच येऊ नये. आता या दोन्ही गोष्टींना मी निकालच समजते: पासवर्डची झिप आणि विनाकारण फुगलेली फाइल दुकानात उघडायचीच नाही. सगळं इंग्रजीत आहे आणि कागदावरचे सात शब्द येत नसतील तर नवा माणूस पहिल्याच पानावर हरवतो. शिवाय हे काही अँटिव्हायरस नाही. कॉम्प्युटरमध्ये आत शिरलेलं ते काढत नाही. त्यासाठी आपलं नेहमीचं अँटिव्हायरस चालू हवंच. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात, ती मी ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर वापरते. कोणतं अँटिव्हायरस चांगलं हे ठरवायलाही व्हायरसटोटलचा निकाल वापरू नये. तिथलं इंजिन आणि आपण विकत घेतो ते पॅकेज सारखं वागतंच असं नाही, हे साइट स्वतःच सांगते.

आणखी एक सवय लावून घ्या. जुना निकाल समोर आला तर त्याची तारीख बघा आणि पुन्हा तपासायचं बटण दाबा. दिवाळीच्या आधी एक पीडीएफ जोडायचं सॉफ्टवेअर आलं होतं, ७० पैकी २ लाल, नावं मोघम. मन तयार होईना. मी डेस्कटॉपवर "थांबा" नावाचं फोल्डर केलंय, त्यात ती ठेवली. चार दिवसांनी पुन्हा तपासली तर १९, आणि त्यातल्या अकरा जणांनी एकाच घराण्याचं नाव घेतलेलं, स्टीलरचं. ग्राहक चार दिवस कुरकुरत होता, त्याच्या पीडीएफ मी तोवर पान पान छापून, पुन्हा स्कॅन करून जोडून दिल्या.

आज त्या फोल्डरमध्ये तीन फायली आहेत. शुक्रवारी पुन्हा तपासणार आहे.